अराता इझुमी ऊर्फ नीलकंठ खंभोलजा

गेल्या शनिवारी सकाळी चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात लेकीने एक फॉर्म पुढ्यात टाकला. फुटबॉलच्या निवड चाचणीचा. नाव, जन्मतारीख, उंची, रक्तगट सगळं तिने स्वतःच भरलं होतं. एक रकाना तेवढा कोरा. राष्ट्रीयत्व.

"बाबा, इथे काय लिहू?"

लेक १४ वर्षांची आहे. जन्म सॅन होजेचा, २०११ चा. मी तेव्हा ऑनसाइट होतो. प्रोजेक्ट संपलं आणि २०१२ च्या पावसाळ्यात आम्ही तिघं बोचकी घेऊन पुण्यात परत आलो ते आलोच. अमेरिका तिला एका फोटो अल्बमपुरती ठाऊक. पण पासपोर्ट निळा, अमेरिकेचा, आणि सोबत आपलं ते ओसीआय कार्ड. आयटीतल्या निम्म्या घरांमधे ही परिस्थिती आहे, त्यामुळे आम्हाला कधी त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. एअरपोर्टवर तिची रांग वेगळी असायची, बस.

तिच्या कोचना फोन लावला. ते म्हणाले, "या चाचणीपुरतं काही अडणार नाही हो. पण पुढे कधी इंडिया कॅम्पची वेळ आली तर इंडियन पासपोर्ट लागतो. ओसीआय चालत नाही."

आता आमची लेक काही उद्या भारताकडून खेळायला निघालेली नाही. डावा पाय बरा आहे, हेडरला डोळे मिटते. पण तिने ते ऐकलं आणि गप्प झाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा असा कोणीच खेळला नाही का इंडियाकडून?"

म्हटलं, खेळलाय की. आणि तू त्याला पाहिलं आहेस. माझ्या खांद्यावर बसून, बालेवाडीत.

तिला अर्थातच काही आठवत नव्हतं. दोन वर्षांचीही नव्हती, आणि हाफटाइमला झोपली होती. तर आजचं पुराण त्या माणसाबद्दल. अराता इझुमी. ज्याचं भारतीय नाव नीलकंठ खंभोलजा.

जन्म ३१ जुलै १९८२, गाव शिमोनोसेकी. जपानच्या मुख्य बेटाचं अगदी पश्चिम टोक. पलीकडे चिंचोळी सामुद्रधुनी आणि मग क्युशू. हे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. एक तो फुगू नावाचा विषारी मासा, जो नीट कापला नाही तर खाणारा थेट वर जातो. आणि दुसरा १८९५ चा तह, ज्यात चीनने तैवान जपानला देऊन टाकलं. म्हणजे लोकांचा देश कागदावर रातोरात बदलण्याचा या गावाला जुना अनुभव आहे :) असो. वडील गुजराती, आई जपानी.

इथे मला थोडं विषयांतर करू द्या, कारण लेकीच्या त्या रकान्यामुळे मी शनिवार-रविवार कायदेच वाचत बसलो होतो आणि त्यात एक गंमत सापडली. गंमत म्हणजे, तुम्हीच ठरवा.

१९८२ साली जपानच्या कायद्यात मूल जपानी ठरायचं ते बाप जपानी असेल तर. आई जपानी, बाप परदेशी, तर मूल जपानी नाही. आईने जपानमधे जन्म दिला असला तरी. विवाहाबाहेरच्या किंवा देशच नसलेल्या मुलांसाठी अपवाद होते, पण मूळ नियम हा. आणि भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातही तेव्हा हेच होतं. परदेशात जन्मलेलं मूल भारतीय ठरायचं ते वडील भारतीय असतील तर. आईचा संबंध नाही. म्हणजे दोन देश, दोन संस्कृती, दोन लिप्या, पण बापाकडे बघून पोराची जात ठरवायची या एका मुद्द्यावर तोक्यो आणि दिल्ली यांचं संपूर्ण एकमत!

जपानने हे १ जानेवारी १९८५ पासून बदललं. आईकडूनही नागरिकत्व मिळू लागलं, आणि जी मुलं आधीच जन्मली होती, वीस वर्षांच्या आतली, त्यांच्या आयांना तीन वर्षांची मुदत दिली, की या आणि नोंद करा. आपल्याकडे आई मोजायला १९९२ साल उजाडलं. तेव्हा १९८२ मधे जपानी आई आणि भारतीय बाप अशा घरात जन्मलेल्या कुठल्याही मुलाकडे बघा. आधी जन्मदात्या आईचा देश त्याला आपलं म्हणत नाही. मग तीन वर्षांनी म्हणतो. आणि मग तोच कायदा पुढे सांगतो, की दोन नागरिकत्वं असतील तर बाविसाव्या वर्षापर्यंत एक निवड, दोन्ही ठेवता येणार नाहीत. (आता ते वय वीस केलंय.) पोराला अजून नीट दाढी आलेली नाही आणि सरकार विचारतंय, आई की बाबा?

बरं, परत मैदानावर येऊ.

अराता काही जपानचा मोठा खेळाडू नव्हता. जे-लीगमधे नाव कमावलं, राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यापर्यंत गेला, असलं काही नाही. २००५ मधे तो सिंगापूरला अल्बिरेक्स निगाता या संघाकडून खेळला. हा प्रकार मजेशीर आहे. एका जपानी क्लबची शाखा सिंगापूरच्या लीगमधे खेळायची, म्हणजे ऑफशोअर डेव्हलपमेंट सेंटरच म्हणा की. मग मित्सुबिशीच्या मिझुशिमा कारखान्याच्या संघात. आणि २००६ मधे ईस्ट बेंगाल. वय चोवीस.

एका जपानी मुलाने कारकीर्द घडवायला भारतात यावं, हे तेव्हा उलट्या गंगेसारखंच. आपली पोरं जेएलपीटीच्या परीक्षा देऊन योकोहामाला जायची वाट बघत होती आणि हा गडी तिकडून साॅल्ट लेकच्या उकाड्यात येऊन उतरला. पण त्यामागे साधा हिशोब आहे. जपानमधे त्याच्यासारखे शेकडो होते. इथे चेंडू न बघता पास देणारा मिडफिल्डर म्हणजे चीज होती.

कोलकात्यानंतर मुंबईचा महिंद्र युनायटेड. (मित्सुबिशीकडून महिंद्रकडे. माणसाने एक उद्योग धरला की सोडू नये.) तिथे असतानाच २००८ चा ड्युरंड कप संघाने जिंकला. पुढे २०१० मधे महिंद्रने हा संघच बंद केला. पण अराता त्याच्या वर्षभर आधी, २००९ मधे, पुण्याला आला होता.

पुणे एफसी आठवतोय का कोणाला? पिरामल समूहाने २००७ मधे काढलेला संघ. दोन वर्षांत आय-लीगमधे पोचला आणि २००९-१० च्या पहिल्याच मोसमात तिसरा आला. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. बालेवाडीचं ते अवाढव्य स्टेडियम, त्यात विखुरलेले प्रेक्षक, मागे हायवेवरचे ट्रक. आम्ही तीन-चार मित्र ऑफिस सुटल्यावर जायचो. खरं सांगायचं तर फुटबॉलपेक्षा हिंजवडीचा ट्रॅफिक ओसरेपर्यंत वेळ काढायचा हा मुख्य हेतू. मॅच संपली की बाणेर रोड मोकळा.

पण अराताला बघायला लागलो आणि हेतू बदलला. अंगापिंडाने काही खास नाही. वेगही बेताचाच. पण त्याच्याकडे चेंडू आला की मैदानावरची गडबड दोन सेकंद थांबल्यासारखी वाटायची. इतर जण चेंडू आल्यावर मान वर करायचे, हा आधीच बघून ठेवायचा. बॅकएंडच्या लोकांना कळेल, कॅशे गरम असलेला सर्व्हर आणि नसलेला यात जो फरक असतो तो. आणि प्रॅक्टिस असो की मॅच, शेवटच्या मिनिटालाही पळायचा. माझा एक मित्र त्याला "टीम लीड" म्हणायचा. कोणावर न ओरडता काम करून घेणारा टीम लीड मैदानावरच दिसतो, ऑफिसात नाही, हे त्याचं म्हणणं.

तो तिथे अर्थात परदेशी म्हणून खेळत होता. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, त्यातली एक आशियाई खेळाडूची. त्या जागेवर जपानी पासपोर्टवाला. स्टँडमधल्या लोकांना तो निम्मा गुजराती आहे हे माहीत नसायचं. मलाही नव्हतं. एकदा मध्यंतरात कोणीतरी म्हणालं, "अरे, याचे वडील आपल्याकडचे आहेत," तर आम्हाला वाटलं हा फेकतोय.

आणि मग २०१२ मधे त्याने तो निर्णय घेतला. जपानी नागरिकत्व सोडायचं आणि भारताचं घ्यायचं.

असं का करावं लागलं, याला २००८ ची पार्श्वभूमी आहे. त्याआधी आपल्याकडे जरा ढिलाई होती. टेनिसमधे प्रकाश अमृतराज अमेरिकन पासपोर्टवर भारताकडून डेव्हिस कप खेळला, कोणाला काही वाटलं नाही. २००८ च्या अखेरीस क्रीडा खात्याने फतवा काढला, की यापुढे भारताकडून खेळायचं तर भारताचाच पासपोर्ट हवा. मूळ भारतीय वगैरे चालणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, २०१० मधे न्यायालयाने सरकारचंच बरोबर धरलं. आणि दुहेरी नागरिकत्व तर आपल्या घटनेलाच मंजूर नाही. ओसीआय या शब्दांमधे 'सिटिझन' आहे, पण ते नागरिकत्व नव्हे. कायमचा व्हिसा म्हणा हवं तर. मत नाही, सरकारी नोकरी नाही, निळी जर्सी नाही.

त्यामुळे अनेक नावं आली आणि गेली. मायकेल चोप्रा, न्यूकॅसलकडून प्रीमियर लीग खेळलेला, वडील भारतीय वंशाचे. भारताकडून खेळण्याची बोलणी झाली, ब्रिटिश पासपोर्ट सोडायचा म्हटल्यावर अडलं. पुढे २०१४ मधे तो केरला ब्लास्टर्सकडून खेळला, पण परदेशी म्हणूनच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मी स्वतः २०१२ मधे परत आलो तेव्हा ग्रीन कार्डाची रांग सोडून आलो, आणि नुसती रांग सोडली तरी घरात महिनाभर चर्चा झाली होती. सासरेबुवा अजूनही मधूनमधून काढतात.

क्रिकेटवाल्यांना रॉबिन सिंग आठवेल. त्रिनिदादमधे जन्मला, शिकायला मद्रासला आला, राहिला, तिकडचा पासपोर्ट सोडून भारतीय झाला. आणि १९८९ मधे त्याचं पदार्पण झालं ते पोर्ट ऑफ स्पेनला, वेस्ट इंडिजविरुद्ध. म्हणजे ज्या बेटाचं नागरिकत्व सोडलं तिथेच, पाहुण्या संघातून. पण रॉबिन क्रिकेटसाठी आणि भारतासाठी खेळत होता. त्यात पुढे मागे काही मिळण्याची शक्यता होती.

अराताला काय मिळणार होतं? भारत तेव्हा फिफाच्या क्रमवारीत दीडशेच्याही खाली. जपान त्याच सुमारास ब्राझीलच्या विश्वचषकाची तयारी करत होता. जपानी पासपोर्ट म्हणजे आज १९० च्या आसपास देशांमधे व्हिसाच्या रांगेत न लागता जाता येतं. आपल्या पासपोर्टवर साठेक. आणि जपानचा कायदा स्वच्छ आहे, स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की जपानचं आपोआप गेलं. म्हणजे यापुढे आईच्या देशात, जिथे जन्मला, शाळेत गेला, तिथे जायचं तर परदेशी म्हणून. बोटांचे ठसे देऊन.

त्याने ते केलं. वय तीस. फुटबॉलमधे तीस म्हणजे आपल्याकडे पंचेचाळिशी. अजून चालतंय, पण मॅनेजर गुपचूप तुमच्या जागेसाठी मुलाखती घेतोय.

६ फेब्रुवारी २०१३ ला कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना होता. प्रशिक्षक विम कोव्हरमान्स. अराता त्या सामन्यात भारताच्या निळ्या जर्सीत उतरला. परदेशी पासपोर्ट सोडून, भारतीय होऊन राष्ट्रीय फुटबॉल संघात आलेला या काळातला पहिला खेळाडू. आपण २-४ ने हरलो. तो मोसम पुण्याचा मात्र फार सुंदर गेला, संघ आय-लीगमधे दुसरा आला, आणि मी लेकीला खांद्यावर घेऊन गेलो होतो ती मॅच त्याच मोसमातली.

भारताकडून त्याचे सामने किती झाले? दहासुद्धा नाहीत. त्याच वर्षी काठमांडूला सॅफच्या अंतिम सामन्यात भारत अफगाणिस्तानकडून हरला, संघाची घडी विस्कटली, तरुण पोरं आली, अराता बाहेर. एवढंच. विश्वचषक नाही, आशियाई चषक नाही. लोक म्हणतात, मग काय उपयोग झाला? मला हा प्रश्न जरा आयटीछाप वाटतो. आरओआय काढायचा तर काढा, पण माणसाने पैसे कशासाठी टाकले होते ते तरी आधी विचारा.

शिवाय उपयोग अगदीच झाला नाही असंही नाही. जुलै २०१५ मधे इंडियन सुपर लीगने दहा निवडक भारतीय खेळाडूंचा लिलाव केला. त्यात सुनील छेत्री, युजिनसन लिंगडोह वगैरेंबरोबर अराता होता. अ‍ॅटलेटिको डी कोलकाताने त्याला ६८ लाखांना घेतलं. जपानी पासपोर्टवर तो त्या यादीत येऊच शकला नसता. आणि परदेशी म्हणून उभा राहिला असता तर त्या लीगमधे विश्वचषक खेळलेल्या लोकांशी स्पर्धा होती.

आणि मग १३ ऑक्टोबर २०१५. साॅल्ट लेक स्टेडियम. समोर केरला ब्लास्टर्स. स्टेडियममधे पाहुणे म्हणून कोण बसलेत, तर पेले. साक्षात पेले! सगळं कोलकाता लोटलेलं. आणि सहाव्या मिनिटाला गोल कोणी केला? अराता इझुमीने. तेहतीस वर्षांच्या. मी टीव्हीवर बघत होतो आणि एकटाच टाळ्या वाजवत होतो. बायको म्हणाली, कोणी मारला? म्हटलं, आपल्या बालेवाडीच्या पोराने. सामना कोलकात्याने २-१ ने जिंकला.

त्याच मोसमाचा उपांत्य सामना चेन्नईत व्हायचा होता, पण डिसेंबरमधे तिथे तो भयानक पूर आला आणि सामना हलवला, तो कुठे, तर बालेवाडीला. अराताचा संघ त्याच्या जुन्या मैदानावर पाहुणा म्हणून आला, आणि ३-० ने हरला. मला ऑफिसच्या रिलीजमुळे जाता आलं नाही. ती चुटपुट अजून आहे.

तोवर पुणे एफसी संपला होता. २०१६ मधे तो पुण्यात परत आला, पण एफसी पुणे सिटीकडून. तो संघही २०१९ मधे गुंडाळला गेला. मधे केरला ब्लास्टर्सकडून एक मोसम झाला. त्यानंतर नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या यंग चॅम्प्स अकादमीत पोरांना शिकवायला लागला. महिंद्र, पुणे एफसी, पुणे सिटी, महाराष्ट्रातले तिन्ही संघ त्याच्या मागे एकेक करून बंद पडले. कागदोपत्री त्याचा खेळाडू म्हणून पत्ता शोधायला गेलात तर एकाही दारावर पाटी नाही. भारतीय पासपोर्ट तेवढा आहे.

यानंतर तेरा वर्षं दुसरं कोणी तसं आलं नाही. नोव्हेंबर २०२५ मधे रायन विल्यम्स आला. पर्थचा, पोर्ट्समथ, फुलहॅम, ऑक्सफर्ड, रॉदरहॅम असं इंग्लंडभर फिरून बंगळुरूत स्थिरावलेला. ऑस्ट्रेलियाकडून एक सामनाही खेळलेला. आई मुंबईची, अँग्लो इंडियन, आणि आजोबा मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. त्याने ऑस्ट्रेलियन पासपोर्ट परत केला तेव्हा वय बत्तीस. १८ नोव्हेंबरला ढाक्याच्या सामन्यासाठी तो संघाबरोबर गेलाही, पण ऑस्ट्रेलियाकडची परवानगी वेळेत आली नाही आणि त्याला बसून राहावं लागलं. समोर बांगलादेशकडून हमझा चौधरी खेळत होता. इंग्लंडमधे जन्मलेला, लेस्टर सिटीत वाढलेला, आई बांगलादेशी. बांगलादेशला दुहेरी नागरिकत्व चालतं, त्यामुळे हमझाने काहीच सोडलेलं नाही. आईचा देश खिशात, जन्माचा देशही खिशात. बांगलादेश १-० ने जिंकला.

हे सगळं लेकीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं (पेलेच्या भागात जरा जास्त) आणि विचारलं, "मग मी पण सोडू शकते?"

इथे मी अडकलो. कारण हेही वाचून झालं होतं. अमेरिकेचं नागरिकत्व आईबाप मुलाच्या वतीने सोडू शकत नाहीत. ते तिचं तिनेच, काय सोडतोय हे पूर्ण कळण्याच्या वयात, अधिकाऱ्यासमोर उभं राहून सोडायचं. आम्ही दोघांनी ते तिला न विचारता मिळवून दिलं, आणि परत द्यायचं झालं तर आमचा काडीचा उपयोग नाही. बायको म्हणाली, कॉलेजचं बघू आधी. मी म्हटलं, हो, बघू. दोघांनाही माहीत होतं की आम्ही विषय टाळतोय.

"त्याच्या आईला काय वाटलं असेल?" लेकीने विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. ती फॉर्म घेऊन खोलीत गेली. नंतर बघितलं तर त्या रकान्यात आधी पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलेलं होतं, आणि त्यावर पेनाने, पासपोर्टवर आहे तेच, नीट अक्षरात लिहिलं होतं.

चाचणी उद्या सकाळी सातला आहे. तिच्या बुटांचे स्टड झिजलेत, ते आज बघायला हवेत.